जावईबापूंची वाफ

या घरात जावयाला कोणी खोटं पाडत नाही. त्यामुळे जावईबापूंचं ज्ञान कुठेही न अडखळता वाढत गेलं. आधी त्यांना हवामानातलं कळायला लागलं, मग शेअर बाजारातलं. धाकट्या सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं समजल्यावर ते शनिवार-रविवारचा एक कोर्स करून आले, आणि तेव्हापासून त्यांना मज्जासंस्थेतलंही कळतं.

घर म्हणजे वर माणसं आणि खाली लाँड्री. थोरला भाऊ धंदा बघतो. त्याला गिऱ्हाइकांपासून कामगारांपर्यंत सगळे दादा म्हणतात. त्याची बायको थोरली, ती इस्त्रीची टेबलं बघते. धाकटा भाऊ बारक्या, तो चाळिशी ओलांडूनही बारक्याच राहिला आहे आणि बॉयलर बघतो. बारक्याची बायको धाकटी मात्र लाँड्रीत काहीच बघत नाही. ती फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवते. पुस्तकांनी भरलेली गाडी घेऊन सकाळी निघते, शाळांपाशी, कारखान्यांच्या फाटकांपाशी थांबते, पुस्तकं देते, घेते, आणि ज्यांनी पानं दुमडली असतील त्यांच्याशी भांडते. बाईमाणसाने एवढी मोठी गाडी चालवावी हे घराला पूर्ण पटलेलं नाही. पण गाडीच्या सीटची कव्हरं घरच्याच लाँड्रीत धुवायला येऊ लागली, तेव्हा विरोध मावळला.

तिचा आजार असा, की नसांवरचं आवरण शरीर स्वतःच खरवडून काढतं. मग मेंदूचे निरोप वाटेत अडकतात. कधी पायाचा निरोप पोचत नाही, कधी डोळ्याचा. घरात प्रत्येकाने हे आपापल्या परीने समजून घेतलं. दादा म्हणाला, "वायरीवरचं प्लॅस्टिक गेलंय." थोरली म्हणाली, "अस्तर उसवलंय." जावईबापू म्हणाले, "आत विष साठलंय." पहिली दोन मतं डॉक्टरांच्या बरीच जवळ जाणारी होती. चर्चा अर्थातच तिसऱ्यावर झाली.

मग तांब्याची कडी आली, चुंबकाचे पट्टे आले. एका महिन्यात गहू बंद झाला, पुढच्या महिन्यात गव्हाच्या कोंबांचा रस सुरू झाला. ओळखीतल्या एकाने मधमाश्यांकडून डसवून घ्यायला सुचवलं. माश्या आणायच्या कशा आणि नंतर परत पाठवायच्या कशा यावर घरात इतका वाद झाला, की मूळ प्रस्ताव बारगळला. हे धाकटीचं नशीब. औषध चालू असताना शरीर गोंधळतं, म्हणून गोळ्याही बंद कराव्यात असं जावईबापूंचं मत होतं. त्यावर धाकटी "बघते" म्हणाली आणि गोळ्या उशीखाली ठेवून घेत राहिली.

काही गोष्टींनी खरंच बरं वाटायचं. एका बाई शिकवायच्या तो अंग ताणण्याचा व्यायाम, आणि रोज जेवणानंतर थोरली तिचे पाय चोळून द्यायची ते. पण त्यांना घरात उपचार कोणी म्हणत नसे. त्यात कोणाचा कोर्स झालेला नव्हता.

हॉस्पिटलातल्या नर्सने धाकटीला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. "काय करून बघायचं ते बघा. फक्त औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. आणि करण्याआधी मला विचारा. एक गोष्ट मात्र सांभाळा, अंग तापू देऊ नका. तापलं की लक्षणं उसळतात. गार झालं की बहुतेक उतरतात. पण उतरेपर्यंत जे होतं ते गाडीत झालं तर काय, एवढा विचार करा."

धाकटीने तो विचार केला होता. उन्हातून चालत नसे, आंघोळ कोमट पाण्याने करत असे. आजार वाचनालय खात्याला स्वतःहून कळवला होता. तेव्हापासून वर्षातून एकदा परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी व्हायची. गेल्या खेपेला ती सहज पार पडली. या खेपेची तपासणी आज दुपारी होती, आणि गेले काही दिवस उजवा पाय जड वाटत होता.

हे तिने फक्त थोरलीला सांगितलं, तेही पाय चोळताना. थोरलीने फक्त दादाला सांगितलं. दादाने फक्त जावईबापूंना सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी जावईबापू दारात हजर.

"वहिनी, पाय हलका करून देतो. दुपारपर्यंत पिसासारखा! कपाट तयार आहे."

कपाट म्हणजे कोट आणि सूट वाफवायचं लोखंडी कपाट. आत हँगरचा दांडा, तळाशी वाफेची नळी. दार लावलं की कडी आपोआप पडते आणि नळीत वाफ असेपर्यंत उघडत नाही. कामगारांची तोंडं भाजू नयेत म्हणून ती सोय. टायमर संपला की वाफ तुटते, कडी सुटते. मधेच उघडायचं तर एकच मार्ग, बॉयलरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. पण मग कपाटाबरोबर प्रेस, रोलर, सगळीच लाँड्री थांबते. दादाच्या राज्यात तो व्हॉल्व्ह कधी बंद झाला नव्हता. वडील वारले त्या दिवशीसुद्धा आधी हॉटेलच्या चादरी बाहेर पडल्या, मग वडील.

जावईबापूंनी त्या कपाटाचा वरचा भाग कापून तिथे प्लायवूडचं आडवं झाकण बसवलं होतं, अर्धं कपाटाला, अर्धं दाराला. मधोमध मानेपुरतं भोक. आत खुर्ची, खुर्चीखाली पाल्याचं घमेलं, वाफ अगदी बारीक सोडलेली. त्यांनी प्रयोग आधी स्वतःवर केला होता. बाहेर आले तेव्हा ते टोमॅटोसारखे लाल झाले होते आणि आठवडाभर त्यावरच बोलत होते.

"भावोजी," धाकटी म्हणाली, "नर्स म्हणाली होती, उष्णता नको."

"कोरडी उष्णता नको," जावईबापू म्हणाले. "ही ओली आहे."

उत्तर चुकीचं होतं, पण जावयाचं होतं.

"बस गं धाकटे," दादा म्हणाला. "वाफेने कोटाच्या खांद्यावरची चुणी जाते, तुझ्या पायाची काय बिशाद!"

"यांना विचारलं का?" धाकटीने बॉयलरच्या खोलीकडे पाहिलं.

"त्याला काय विचारायचं? तो वाफ सोडतो, वाफेतलं त्याला काय कळतं?"

धाकटी बसली. पाय जड होता. दुपारी तपासणी होती. आणि वर्षभर सगळ्यांना नाही म्हणून म्हणून तोंड दुखलं होतं. तिच्या व्हॅनमध्ये आरोग्याचा एक कप्पा होता; त्यातली 'सात दिवसांत नवी दृष्टी' छापाची पुस्तकं मागायला कोणी आलं की ती भुवया उंचावायची. पण भीती वाटायला लागली की वाचणारा माणूसही शेवटचं पान आधी उघडतो.

दार लागलं. कडी पडली.

सुरुवातीला बरं वाटलं. ऊब कमरेत शिरली, पाठ सैल झाली. थोरली शेजारच्या टेबलावर शर्ट दाबत होती, जावईबापू खुर्ची टाकून बसले होते, दादा हॉटेलच्या चादरी रोलरवर चढवून घेत होता. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांची पाटी होती: 'हात आणि केस यंत्रापासून दूर ठेवा'.

आधी उजवा पाय गेला. म्हणजे होता तिथेच, पण तिचा राहिला नाही. मग डावा. तिने बोटं हलवून बघितली. हलली की नाही ते कळेना. तिने समोर पाहिलं.

"ताई, पाटीचा रंग उडाला का हो?"

"कुठल्या पाटीचा?" थोरलीने वळून पाहिलं. "आहे की लालभडक."

धाकटीला ती विटकरी दिसत होती. मग राखाडी. मग पाटी होती त्या जागी भिंत, आणि भिंत होती त्या जागी दुधासारखं काहीतरी पसरत गेलं.

"भावोजी, दार उघडा. मला दिसत नाहीये."

"उत्तम!" जावईबापू खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

"अहो, उत्तम काय? दिसत नाहीये मला!"

"तेच तर! विष सुटलं की आधी डोळ्यांवर येतं. आधी वाढतं, मग उतरतं. याला शुद्धीचा झटका म्हणतात. कोर्समध्ये एक गृहस्थ होते, त्यांची तर वाचा गेली होती."

"मग?"

"मग आली. आता इतकं बोलतात, की विचारू नका."

जावईबापूंच्या शास्त्राला हरवणं कठीण होतं. रोग्याला बरं वाटलं तर उपचार लागू पडला. वाईट वाटलं तर फारच लागू पडला. रोग्याने ओरडून सांगावं असं काही त्यात शिल्लकच नव्हतं.

धाकटीने दाराकडे हात नेला. निदान तसं मनात आणलं. हात मांडीवरच राहिला. कंबर सुटली, ती खुर्चीत खाली घसरली, आणि हनुवटी प्लायवूडच्या कडेला अडकली. गळ्यावर कड रुतली.

"ता...ई."

थोरलीने इस्त्री उभी केली आणि धावली. तिने दोन्ही हातांनी धाकटीचं डोकं वर उचलून धरलं. चेहरा तापला होता, डोळे उघडे होते आणि थोरलीच्या पलीकडे कुठेतरी बघत होते.

"अहो, दार उघडा! पोरगी लटकतेय!"

"टायमर आहे," दादा रोलरपाशी उभा राहूनच म्हणाला. त्याचा आवाज मात्र खाली आला होता. "आणि जावईबापू आहेत ना तिथे."

"मधे उघडू नका हं," जावईबापू म्हणाले. "विष अर्ध्या वाटेत अडकेल. मग जबाबदारी माझी नाही."

आतापर्यंत जबाबदारी त्यांची होती हे घराला तेव्हा प्रथमच कळलं.

थोरलीला डोकं सोडून जाता येईना. ती प्रेसच्या रांगेकडे बघून ओरडली, "बारक्याला बोलवा! पळा!" प्रेसच्या फुसफुसाटात पहिल्या बाईला अर्धंच ऐकू गेलं, पण थोरलीचा चेहरा तिला पुरला. हाक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि बारक्या हात पुसत बाहेर आला.

कपाटातून बाहेर आलेलं बायकोचं डोकं त्याने पाहिलं. ते वहिनीच्या हातात होतं. शेजारी जावईबापू हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. तो पुढे आला. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "काय होतंय?"

सकाळपासून हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"दिसत नाहीये. पाय नाहीत. मान... मान धरून ठेवा."

बारक्या सरळ झाला आणि बॉयलरकडे चालू लागला. दादा रोलर सोडून त्याच्या आडवा आला.

"अरे ए! हॉटेलचा माल रोलरवर आहे. वाफ तोडलीस तर जागच्या जागी डाग पडतील!"

"पडू देत."

"थोडा वेळ तर राहिलाय. जावईबापू म्हणतायत ना..."

"जावईबापू चुकतायत."

हे वाक्य त्या घरात पूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. जावईबापूंनी मागे वळून पाहिलं, बहुधा दुसऱ्या कुठल्या जावयाबद्दल चाललं असावं म्हणून.

"दादा, बाजूला हो."

दादा बाजूला झाला नाही. बारक्याने त्याला खांद्याने सारलं आणि आत शिरला. मुख्य व्हॉल्व्हचं चाक इतक्या वर्षांत फिरलंच नव्हतं. ते जाम बसलं होतं. बारक्याने हातावर टॉवेल गुंडाळला आणि जोर लावला. चाक ढिम्म. पुन्हा लावला. टॉवेल सरकला, तळहात उघड्या लोखंडावर टेकला, तरी त्याने सोडलं नाही.

"मूर्खा, कोरडा टॉवेल काय घेतोस!" मागून दादा ओरडला. "ओला कर, कातडं जाईल!" आणि त्याने बादलीतला टॉवेल उचलून चाकावर टाकला, शिव्या देत देत स्वतःचे दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि दोघे भाऊ लहानपणी हातपंपाला लोंबकळावं तसे त्या चाकाला लोंबकळले.

चाक किंचित हललं. मग अजून. मग भसकन फिरलं.

प्रेस गप्प झाले. रोलर थांबला. बॉयलरच्या टोकावरून जादा वाफ कर्णकर्कश शिट्टी घालत बाहेर पडू लागली. तेवढ्यात इकडे कडी 'खट्' वाजली.

थोरलीने डोकं धरलं, दोन बायकांनी खांदे धरले, आणि धाकटीला ओल्या कपड्यांच्या ट्रॉलीवर आडवं केलं. शेवटच्या पाण्यातून निघालेल्या हॉटेलच्या गार चादरींचा ढीग तिथेच पडला होता. थोरली त्यातली एकेक उचलून तिच्याभोवती गुंडाळत सुटली.

"गार लावू नका!" जावईबापू धावले. "रोमरंध्रं बंद होतील!"

"भावोजी," थोरली मान वर न करता म्हणाली, "सरका तिकडे. प्रकाश अडवताय."

मग वाट बघायची होती. नर्स म्हणाली होती, गार झालं की बहुतेक उतरतं. धाकटी त्या दुधाळ पांढऱ्यात पडल्या पडल्या 'बहुतेक' या शब्दाभोवती फिरत राहिली. तो शब्द नर्स म्हणाली तेव्हा केवढा मोठा वाटला होता! आता त्यात पाय पसरायलाही जागा नव्हती. शिट्टी थांबली. बारक्या तिच्याशेजारी उभा होता हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. एवढ्या मोठ्या लाँड्रीत कोणीच बोलत नाही, हे तिने याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आधी ट्यूबलाइट आली. नुसती उजेडाची पट्टी. मग त्या पट्टीखाली थोरलीचं नाक. मग भिंतीवरची पाटी, करडी, अक्षरं एकमेकांत मिसळलेली. चादरी गरम झाल्या की थोरली बदलत होती. पाटीवरचे 'हात' वेगळे झाले, मग 'केस'.

"लाल आला," धाकटी म्हणाली.

थोरली ट्रॉलीच्या कडेला डोकं टेकून रडायला लागली.

"बघा!" जावईबापू उभे राहत म्हणाले. "आधी वाढतं, मग उतरतं. सांगितलं होतं की नाही?"

दुपारी ते तपासणीलाही आले, निकाल बघायला. बारक्याच्या हाताला पट्टी होती. धाकटी चालत होती, उजवा पाय थोडा ओढत, पण स्वतःच्या पायांनी.

तपासणीची खोली थंडगार होती. गार हवेचं यंत्र इतकं मोठं, की डॉक्टरीणबाईंनी स्वेटर घातला होता. धाकटीने अक्षरांचा तक्ता बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचला, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा. रंग ओळखले. पेडलवर पाय दाबून दाखवला, सोडून दाखवला. डॉक्टरीणबाई खुणा करत गेल्या.

"छान. अलीकडे नजरेत काही फरक?" असं विचारताना पेन 'नाही'कडे निघालंसुद्धा होतं.

धाकटीने त्या पेनाकडे पाहिलं. या खोलीत तिला सगळं दिसत होतं. या खोलीत कुणालाही दिसलं असतं. तिच्या व्हॅनमध्ये मात्र इंजिन सीटच्या जवळजवळ खालीच होतं, आणि गार हवेचं यंत्र खात्याने मंजूर केल्याला इतके दिवस झाले होते, की आता त्याची चौकशी करायला लाज वाटायची. उन्हाळ्यात शाळेसमोरच्या उतारावर ती गाडी लावायची तेव्हा पोरं पुस्तकं डोक्यावर धरून रस्त्याच्या कडेला रांगेत उभी असायची. 'नाही' एवढं म्हटलं की व्हॅन तिचीच राहणार होती. तिने खुर्चीचा दांडा धरला.

"आज सकाळी," ती म्हणाली.

"आज सकाळी काय?"

"काही दिसत नव्हतं."

पेन थांबलं. "अजिबात?"

"पांढरं. गार चादरी गुंडाळेपर्यंत."

"आणि चादरी कशासाठी?"

धाकटीने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मधे तोंड घातलं नाही. फक्त एकदा विचारलं, "कपाटात?"

"कोटांच्या."

"बरं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सांगितलं नसतंत तर मी सही केली असती."

"माहीत आहे."

"आता करता येत नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना सगळं सांगा, वाफेचंही. त्यांचं मत येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. गाडी गार राहणार असेल आणि नजर टिकत असेल, तर पुन्हा बघू. पण मी शब्द देत नाही."

"नकाच देऊ," धाकटी म्हणाली. "शब्द खूप मिळालेत."

बाहेर बारक्याने तिचा चेहरा बघितला. तीच म्हणाली, "किल्ल्या डेपोत द्याव्या लागतील."

"मी चालवू का? तू शेजारी बस. पुस्तकं तू दे."

"तुम्हाला रिव्हर्स पडत नाही."

"वळणं नसलेल्या रस्त्याने जाऊ."

ती हसली नाही, पण त्याच्या पट्टी नसलेल्या हाताला धरून चालायला लागली. बाकावर जावईबापू एका ट्रक ड्रायव्हरशेजारी बसले होते. ड्रायव्हर म्हातारा होता, चपला काढून बसला होता, आणि पायाची बोटं सुन्न पडतात म्हणून परवाना अडकल्याचं जावईबापूंना त्याने मघाशीच सांगितलेलं असावं. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"आमच्या धाकट्या वहिनींचंच बघा ना," ते म्हणत होते. "सकाळी डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वाफ दिली. आत्ता आत जाऊन शेवटची ओळ वाचून आल्या!"

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"कुठे मिळते ही वाफ?" ड्रायव्हरने विचारलं.

"चल," बारक्या हळूच म्हणाला. "जाऊ दे. घरी गेल्यावर बघू."

धाकटीने त्याचा हात सोडला. पाय जड होता. बाकापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. जावईबापू तोंडभर हसले आणि बाजूला सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

"घ्या, आल्याच! वहिनी, तुम्हीच सांगा यांना."

"सांगते," ती बसत म्हणाली, आणि ड्रायव्हरकडे वळली. "काका, मला दिसत नव्हतं ते वाफेमुळे. वाफेच्या आधी मला सगळं दिसत होतं. आणि आज माझा परवाना गेलाय."

"वहिनी, तसं नाही हं, त्यात काय आहे, की शुद्धीचा..."

"भावोजी, मी बोलतेय." तिने आवाज चढवला नाही. "काका, तुमची बोटं कधीपासून सुन्न होतात? साखर तपासलीय? कोणत्या डॉक्टरांना दाखवलंत?"

ड्रायव्हर बाकावरच वळून बसला, जावईबापूंकडे पाठ करून, आणि सांगायला लागला. ती ऐकत राहिली, आणि मधून मधून विचारत राहिली. जावईबापू बोलायला फट मिळायची वाट बघत होते. तिने ती ठेवली नाही.